बेलवतीची पाचवी कमान

धुळाजी बिन रायाजी पाथरवट, उमर वर्षे त्रेसष्ट, राहणार मौजे शेलवंडी. बेलवती नदीवरच्या दगडी पुलाची पाचवी कमान ज्या उन्हाळ्यात पुरी झाली, त्या उन्हाळ्यातले त्याचे हे नाव आणि हे वय. ते कोणत्याही शिळेवर कोरलेले नाही. गावाने ते तोंडपाठ ठेवले आहे, आणि पुलाची हकिगत सांगणाऱ्याने ह्याच शब्दांनी आरंभ करावा, अशी तिथली रीत आहे.

ज्या काळातली ही हकिगत, त्या काळी शेलवंडीला गाडीरस्ता नव्हता आणि बेलवतीला पूल नव्हता. गाव पूर्वेच्या काठावर आणि शेते पश्चिमेच्या काठावर. पावसाळ्याचे चार महिने नदी दोन्ही थड्या भरून वाहत असे. पेरणी झाली तरी कोळपणी राहत असे. बैल पलीकडे अडकत आणि वैरण अलीकडे. बाळंतीण पलीकडच्या माहेरी गेली, तर मूल रांगायला लागल्यावरच बापाच्या दृष्टीस पडे. शेवटी सुभानराव पाटलांनी गाव गोळा केले आणि पूल बांधायचे ठरवले. दर उन्हाळ्याला एक कमान, अशा पाच उन्हाळ्यांत पाच कमानी. आणि कामावर घरटी एक माणूस. पूल कोणी बांधायचा, हे विचारण्याचे कारणच नव्हते.

धुळाजी दगड डोळ्यांनी पाहत नसे. तो दगड ऐकत असे. खाणीतून निघालेला काळवत्री दगड लाकडी ओंडक्यावर ठेवायचा, त्यावर हातोडीचा एकच ठोका द्यायचा आणि मान तिरपी करून थांबायचे. दगड खणखणीत वाजला, तर तो बोलका. त्यावर धुळाजी छिन्नीने दोन आडव्या रेघा ओढी, आणि तो दगड पुलात जाई. दगड बद्द वाजला, तर तो मुका. त्याच्या पोटात कुठेतरी चीर आहे, हे धुळाजीला वरून काहीही दिसत नसताना कळे. मुका दगड कितीही देखणा असला तरी बाजूच्या ढिगावर जाई. त्याच्या आजाची पारख अशीच होती, बापाची अशीच होती, आणि तिन्ही पिढ्यांत त्या दोन रेघांवर कोणी शंका घेतली नव्हती. असे म्हणतात, की धुळाजी खाणीच्या कड्याला कान लावी आणि आत कोणता दगड कसा निजला आहे, ते सांगे.

त्याच्या शेजारीच बाळोबा लोणाऱ्याची चुन्याची घाणी होती. भट्टीत भाजलेला चुना, नदीची वाळू, गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा हे सारे दगडी चाकाखाली, बैल फिरवून, लोण्यासारखे मऊ होईपर्यंत दळले जाई. बाळोबा आणि धुळाजी लहानपणापासूनचे सोबती. एकमेकांना टोचल्याशिवाय दोघांचाही दिवस मावळत नसे.

"धुळ्या," बाळोबा बैलामागून ओरडे, "दगड पारखतोयस का लेकीला स्थळ बघतोयस? किती उलटापालटा करशील!"

"तुझ्या चुन्यात कायमचा गाडायचाय त्याला," धुळाजी म्हणे. "निदान तब्येत तरी विचारू दे."

पहिल्या तीन उन्हाळ्यांत तीन कमानी उभ्या राहिल्या. नदीच्या तळाचा कातळ उघडा करून त्यात खांबांचे पाय रोवले. प्रत्येक खांबाला वरच्या अंगाला, जिकडून पाणी येते तिकडे, नावेच्या टोकासारखा निमुळता आकार दिला, म्हणजे पुराचे पाणी आपटणार नाही, दुभंगून जाईल. खांबांच्या माथ्यावर आरपार झरोके ठेवले, म्हणजे पूर फारच चढला तर त्याला तिथूनही वाट मिळेल. एका कमानीला एकेचाळीस दगड. आधी लाकडी सांगाडा उभारायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत यायचे, शेवटी माथ्यावर मधला दगड ठोकून बसवायचा, आणि मग सांगाडा काढून घ्यायचा. सांगाडा निघाला, की दगडांना दगडांवाचून कोणाचाही आधार उरत नाही.

चौथ्या उन्हाळ्यात धुळाजीचे कान जाऊ लागले.

ते एका दिवसात गेले नाहीत. प्रथम पाखरे गेली. मग घाणीची करकर गेली. मग एके दिवशी सलग नऊ दगड त्याला मुके वाजले, आणि नवव्या दगडाशी त्याला उमगले, की मुके दगड झालेले नाहीत. त्याने हातोडी खाली ठेवली, पाणी प्यायला आणि पुन्हा उचलली. पारख ज्याची गेली त्याने हातोडी ठेवावी, अशी त्याच्या बापाने मरताना शपथ घातली होती. पण दोन कमानी बाकी होत्या. आपल्यामागे पारखणारा कोणी तयार झालेला नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. खरे कारण निराळे होते. पारख गेलेला धुळाजी म्हणजे कोण, हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते.

समोर उभे राहून बोललेले त्याला ओठांवरून कळत असे, आणि दगडांसाठीही त्याला एक उपाय सापडला. बाळोबाचा कान चांगला होता. दगड बद्द वाजला, की घाणीशी बसलेल्या बाळोबाचा डावा डोळा आपसूक बारीक होई आणि तोंड कडू खाल्ल्यासारखे वाकडे होई. ही सवय बाळोबाला स्वतःला माहीत नव्हती. धुळाजी ठोका देई, मान पूर्वीसारखीच तिरपी करी आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाळोबाचे तोंड पाही. तोंड सरळ, तर दोन रेघा. तोंड वाकडे, तर ढीग. चौथी कमान अशी पुरी झाली, आणि ती उत्तम झाली.

पाचव्या उन्हाळ्यात, कमानीच्या माथ्याचे दगड पारखायच्या दिवशी, बाळोबाची दाढ सुजली. तो गालाला, हनुवटीला आणि अर्ध्या कपाळाला धोतराचे फडके आवळून बसला होता. उघडा होता तो फक्त उजवा डोळा, आणि तोही मिटलेला. धुळाजीने त्या दिवशी अकरा दगडांवर ठोके दिले. अकराही वेळा फडके हलले नाही. अकरा दगडांवर दोन-दोन रेघा पडल्या, आणि चार दिवसांत ते अकराही दगड कमानीच्या माथ्यावर जाऊन बसले.

मृगाला तेरा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगाडा काढायचा आणि सजवलेली पहिली गाडी पुलावरून न्यायची, असे पाटलांनी ठरवले होते. त्या दुपारी धुळाजी काठावर एकटा बसला होता. त्याची बायको साळूबाई मागून आली, आणि एकाएकी वळसा घालून समोर उभी राहिली.

"माझ्या हातून घागर पडली," ती म्हणाली. "तांब्याची. कातळावर. पलीकडच्या काठची कुत्री भुंकायला लागली. तुम्ही मान वळवली नाही."

"लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं का कान नव्हते?"

साळूबाई त्याच्यासमोर खाली बसली आणि आपले ओठ त्याला नीट दिसतील, असे सावकाश बोलू लागली.

"मला मागल्या दिवाळीपासून ठाऊक आहे. म्हटलं, सांगतील आपणहून. पण आता गप्प बसवत नाही. माथ्यावरचा एक दगड बद्द वाजतोय. वर काम करणाऱ्या सगळ्या गवंड्यांनी ऐकलंय."

"मग बोलले का नाहीत?"

"बोलतील कसे? त्याच्यावर तुमच्या रेघा आहेत. थोरला गवंडी म्हणाला, धुळाजीबाबांनी पारखलाय, म्हणजे दगड बरोबर आणि आपलेच कान चुकले."

धुळाजी उठला आणि सांगाड्यावर चढला. माथ्यावर बसून त्याने पहिल्या दगडावर ठोका दिला. काही नाही. दुसरा ठोका दिला. काही नाही. असे म्हणतात, की त्या वेळी त्याला चक्कर आली, तोल जाऊ नये म्हणून तो पालथा झाला, त्याचे कपाळ दगडाला टेकले आणि हातोडी हातातून सुटून त्याच दगडावर आपटली. तेव्हा दोन उन्हाळ्यांत प्रथमच त्याला दगड ऐकू आला. कानांतून नाही, कपाळाच्या हाडातून, दातांतून, मानेच्या मणक्यातून आला. देवळातल्या घंटेचा नाद संपल्यावर हवेत जसा काही काळ राहतो, तसा तो त्याच्या डोक्यात राहिला. धुळाजी बराच वेळ तसाच पडून होता. मग रांगत रांगत त्याने अकराही दगडांना कपाळ लावले आणि ठोके दिले. दहा दगड बोलले. मधल्या दगडाच्या उजवीकडचा तिसरा बोलला नाही.

सकाळी सारे गाव नदीच्या पात्रात जमले. ढोल आले, बैलांच्या शिंगांना बेगड लावलेली गाडी आली, पाटील नवे पागोटे घालून आले. धुळाजी सांगाड्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "सांगाडा काढू नका. माझे कान गेलेत. दोन उन्हाळे झाले. वरती एक मुका दगड बसलाय, आणि तो मी बसवलाय."

ढोल थांबले. ते धुळाजीला, ढोल्यांचे हात थांबले, त्यावरून कळले.

"दोन उन्हाळे!" पाटील जवळ आले. "मग दोन उन्हाळे दगड पारखत होतं कोण?"

"बाळोबाचं तोंड."

गावाला हे समजेना. धुळाजीने डावा डोळा बारीक करून आणि तोंड वाकडे करून दाखवले, आणि मग दाढेचा दिवस सांगितला. पहिल्यांदा बायका हसल्या, मग सगळेच हसले. ते हसू धुळाजीला ऐकू आले नाही, दिसले. बाळोबा तेवढा हसला नाही.

"माझ्या बायकोला चाळीस वर्षांत ह्या तोंडाचा भरवसा वाटला नाही," तो म्हणाला, "आणि तू त्याच्यावर पूल बांधलास?"

पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. ते वाईट मनुष्य नव्हते; त्यांना आभाळ दिसत होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "धुळाजी, एकेचाळिसांतला एक दगड. मृगाला बारा दिवस. कमान उतरवली आणि वर पाणी आलं, तर सांगाडाही वाहून जाईल आणि चौथी कमान एका अंगाने उघडी पडेल. तुझं नाव तीन पिढ्यांचं आहे. कोणी काही ऐकलं नाही, असं समजू. दगड राहू दे."

"पाटील," धुळाजी म्हणाला, "तो दगड त्या चाळिसांच्या आधारावर नाही. ते चाळीस त्याच्या भरवशावर हवेत आहेत."

एवढे बोलून तो पुन्हा सांगाड्यावर चढला आणि साऱ्या गावाच्या देखत त्याने त्या दगडावरच्या आपल्या दोन रेघा छिन्नीने खरवडून टाकल्या. खाली येऊन त्याने हातोडी वाळूत ठेवली, आणि बापाची शपथ मोडली हे सांगून तो घराकडे चालू लागला. त्याला कोणी अडवले नाही. मागून मारलेली हाक त्याला ऐकू येणार नव्हती, म्हणून बाळोबाच धावत त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. त्याच्या हातात ती हातोडी होती.

"कुठं चाललास? घरी जाऊन काय ऐकणार आहेस?"

"पारख गेली, बाळोबा."

"अर्धी गेली. अर्धी तुझ्या कपाळात आहे, साळूवहिनींनी सांगितलं मला. आणि माझा कान शाबूत आहे. कपाळ तुझं, कान माझा. दोघांना पटला तो दगड घालू. एकाला जरी नाही पटला, तरी टाकू. आणि ह्यापुढे माझ्या तोंडाकडे बघायचं नाही."

असे सांगतात, की त्या बारा दिवसांत शेलवंडीत एकही चूल दिवसा पेटली नाही. घरटी एक नव्हे, घरातले सगळे पात्रात उतरले. कमान वरून खाली, एकेक दगड उतरवत आणली. तो मुका दगड दोरांवर खाली घेतला आणि वाळूवर ठेवला. त्यावर थोरल्या गवंड्याने नुसता घण टेकवला, मारला नाही, आणि तो भाकरीसारखा दोन तुकड्यांत पडला. आत बोटभर रुंद चीर होती, आणि ती ओली होती. ते पाणी कोणत्या युगात आत शिरले होते, हे कोणी सांगू शकले नाही. गवंडी एकमेकांकडे पाहू लागले. आपण ऐकले होते आणि बोललो नाही, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होते.

चौथ्या कमानीचेही एकेचाळीस दगड धुळाजीने कपाळाने आणि बाळोबाने कानाने पुन्हा पारखले. त्यांत एकही मुका निघाला नाही. बाळोबाने हे पुढे मरेपर्यंत सगळ्यांना ऐकवले. त्या वर्षी आपली दाढ ठणठणीत होती, असे तो म्हणे.

चुना मात्र तेवढा नवीन दळून होणार नव्हता. कठड्यासाठी तीन महिने खड्ड्यात मुरवत ठेवलेला चुना होता. "कठडा पुढल्या वर्षी," बाळोबा म्हणाला, "आधी पाय ठेवायला जागा करा. हात टेकायचं मग बघू." तोच चुना कमानीला लावला.

मृग लागला त्या दिवशी मधला दगड बसायचा होता. ढग आले, काळे, पाण्याने वाकलेले. ते पश्चिमेच्या डोंगरावर येऊन उभे राहिले आणि खाली उतरले नाहीत. असे म्हणतात, की चुना सुकेपर्यंत नऊ दिवस ते तिथेच थांबले, आणि आजूबाजूच्या बारा गावांत पाऊस पडत असता शेलवंडीत ऊन होते. दहाव्या दिवशी सांगाडा काढला. सगळे दूर उभे राहिले. धुळाजी मात्र खांबाशी, जिथून कमान उगवते त्या पहिल्या दगडाला कपाळ लावून बसला होता. शेवटचा वासा निघाला. एकेचाळीस दगड एकमेकांवर अंग टाकून तांदळाच्या दाण्याएवढे खाली आले. ते डोळ्यांना दिसण्याजोगे नव्हते. धुळाजी डोळे मिटूनच म्हणाला, "बसली." त्याच संध्याकाळी पाऊस आला.

त्यानंतर धुळाजी सतरा वर्षे जगला. त्याच्या कपाळावर मधोमध एक काळा, गोल घट्टा पडला, आणि परगावचे लोक त्याला बुक्का समजत. तो रोज पुलाला कपाळ लावून बसे. पुलाचे पाय कातळात होते आणि कातळ डोंगरापर्यंत गेलेला होता, म्हणून डोंगरात पाऊस कोसळला की तो त्याला एक दिवस आधी कळे. एका श्रावणात आभाळ निरभ्र असता तो पुलाच्या तोंडाशी आडवा पडला आणि त्याने बाजाराच्या सगळ्या गाड्या अडवल्या. "म्हाताऱ्याला कपाळात ऐकू येतं म्हणे," परगावचा एक गाडीवान खिदळला, "मग पोटात दिसत असेल!" धुळाजीने ते ओठांवरून वाचले आणि तो तसाच पडून राहिला. बाळोबा त्याच्याशेजारी आडवा झाला. गाड्या परतल्या. दुपारी डोंगराएवढे पाणी आले आणि पुलाच्या माथ्यावरून गेले. खिदळणारा गाडीवान काठावर गुडघ्यांवर बसून ते पाहत होता. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले, तेव्हा पाचही कमानी धुतलेल्या भांड्यासारख्या लखलखत होत्या आणि एकाही दगडाची जागा हललेली नव्हती.

धुळाजी गेला तोही पुलावरच. पाचव्या कमानीच्या कठड्याला कपाळ लावून तो सकाळी बसला. तो ऐकत असता त्याला स्पर्श करायचा नाही, असा गावाचा शिरस्ता होता. माणसे पावले न वाजवता जात-येत राहिली, गाडीवानांनी बैलांच्या घुंगुरमाळा काढून हातात घेतल्या. बाळोबा त्याच्याशेजारी दिवसभर बसून होता. दिवस कलल्यावर साळूबाई आली, तिने धुळाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती बाळोबाकडे वळली.

"भावजी, कधीपासून?"

"दुपारपासून," बाळोबा म्हणाला. "उठवावंसं वाटलं नाही. चेहरा बघा, वहिनी. काहीतरी चांगलं ऐकत होता."

आजही दर वर्षी, मृग लागण्याआधी बारा दिवस, शेलवंडीची माणसे तिघे-तिघे करून पुलावर येतात. एकाने दगडाला कपाळ लावायचे, दुसऱ्याने उघड्या कानाने ऐकायचे, आणि तिसऱ्याने हलका ठोका द्यायचा. पाचही कमानींचे दगड असे ऐकले जातात. दोघांचे पटले नाही, त्या दगडाशी काम थांबते. अनेक वर्षांत दोनदाच थांबले, आणि दोन्ही वेळा दगड बदलावा लागला. पहिला मान बहिऱ्या माणसाचा असतो. त्या दिवशी कोणी "मला ऐकू आले नाही" असे म्हणाला, तर त्याला हसायचे नाही. त्याच्यापाशी थांबायचे आणि पुन्हा ठोका द्यायचा.

धुळाजीच्या आधी शेलवंडीत एका माणसाची पारख पुरत असे. त्याच्यानंतर विहिरीचे बांधकाम असो, देवळाची तुळई असो की बियाण्याचे धान्य असो, एकाच माणसाच्या शब्दावर तिथे काहीही घेतले जात नाही.